अहवालाचा अधिकार : शालेय मानसशास्त्रज्ञाची घडण



शिक्षक आपल्या वर्गातील मुलाविषयी रोज काही ना काही मत बनवीत असतो आणि ते पुढच्या सत्रात बदलतोही. शालेय मानसशास्त्रज्ञाचे मत मात्र सहीशिक्क्यानिशी मुलाच्या कागदपत्रांत जाऊन बसते आणि त्यावरून मुलाने कोणत्या वर्गात बसावे, त्याला कोणत्या सवलती मिळाव्यात, इतकेच नव्हे तर घरच्यांनी त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही ठरू लागते. या व्यवसायाचे शिक्षण इतके लांबते, ते या अधिकारामुळेच. अमेरिकेत, जिथे या शिक्षणाची आखणी फार काटेकोर आहे, पदवीनंतर किमान ६० श्रेयांकांचा, साधारण तीन वर्षांचा विशेषज्ञ अभ्यासक्रम असतो आणि त्याच्या अखेरीस किमान १२०० तासांची आंतरवासिता, म्हणजे अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली केलेले प्रत्यक्ष काम, पूर्ण करावी लागते. त्यांपैकी निदान ६०० तास शाळेतच घालवावे लागतात.

या विद्येचा आरंभ साधा होता. १८९६ साली फिलाडेल्फियात मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांच्याकडे एका शिक्षिकेने शब्दांचे वर्णलेखन न जमणारा विद्यार्थी आणला. तपासणीत त्याची दृष्टी अधू असल्याचे दिसले, त्याला चष्मा देण्यात आला आणि उरलेल्या अडचणीसाठी खास शिकवणी सुरू झाली. १९१५ साली कनेक्टिकट राज्याने आर्नल्ड गेसेल यांना शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले, आणि या व्यावसायिकाला कोणते शिक्षण असावे याची सविस्तर चर्चा १९५४ सालच्या थेयर परिषदेत झाली. मधल्या काळात बुद्धिमापन कसोट्या शाळांच्या हाती पडल्या होत्या. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली कसोटी रचली ती जादा मदतीची गरज असलेली मुले हुडकण्यासाठी; अमेरिकेत तिच्या वारसदार कसोट्या मुलांना बाजूला काढण्याच्या कामी आल्या.

याचा हिशेब पुढे न्यायालयात मागितला गेला. कॅलिफोर्नियातील डायाना खटल्यात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतून कसोटी देऊन मतिमंदांच्या वर्गात बसवल्याचे उघड झाले. तीच मुले स्पॅनिशमधून तपासली तेव्हा बहुतेकांचे गुण त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर गेले, आणि १९७० साली झालेल्या तडजोडीनुसार मुलाच्या घरच्या भाषेतही तपासणी करणे राज्याने मान्य केले. त्याच राज्यातील लॅरी पी. खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी १९७९ साली, कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गात घालण्यासाठी बुद्ध्यंकाचा वापर करण्यास मनाई केली. ती तडजोड आणि हा निकाल यांच्या मध्ये, १९७५ साली, आलेल्या अपंग बालकांच्या शिक्षणविषयक संघीय कायद्याने पालकांची संमती आवश्यक ठरवली आणि कोणत्याही एकाच कसोटीवर निर्णय घेऊ नये, असा दंडक घातला. विद्यापीठांनी जे आपण होऊन शिकवायला हवे होते ते खटल्यांनी शिकवले, असे म्हणणे कटू असले तरी अन्यायाचे नाही.

म्हणूनच आजच्या प्रशिक्षणात कसोटी देण्याचे तंत्र हा तुलनेने सोपा भाग मानला जातो. अवघड असते ते तिच्या सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचे आहे तेच ती मोजते आहे का याचा, समोरच्या मुलापुरता विचार करणे. वर्गात बसून निरीक्षण करणे, वह्या चाळणे, शिक्षकांशी आणि घरच्यांशी बोलणे, आणि मिळालेला अंक या सगळ्याशी जुळत नसेल तर अंकावरच शंका घेणे. पर्यवेक्षक प्रशिक्षणार्थ्याच्या अहवालावर लाल खुणा करतो त्या बहुधा बेरजेच्या चुकांसाठी नसतात. पुराव्याच्या पलीकडे गेलेल्या वाक्यांसाठी असतात. याशिवाय सल्लामसलत, म्हणजे मुलावर थेट उपचार न करता त्याच्या शिक्षकाची हाताळणी बदलवणे, हे कौशल्यही शिकवले जाते आणि शाळेत त्याचा उपयोग होतो.

मराठी मुलांच्या बाबतीत हा प्रश्न नवा नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने परंपरेतील कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली आणि १९४० साली तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाची भाषा ही मापनाची पूर्वअट आहे, हे त्यांच्या कामाने डायाना खटल्याच्या तीन दशके आधी गृहीत धरले होते. ती कसोटी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते आणि अडचण तिथेच आहे, कारण प्रमाणके, म्हणजे ज्या मुलांच्या कामगिरीशी तुलना करून गुण ठरतात त्यांचे आकडे, त्या काळच्या मुलांवर बेतलेले होते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिल्यापासून तिच्या प्रमाणपत्राला कायद्याचे वजन आले आहे. त्या प्रमाणपत्रामागची मोजणी जुन्या प्रमाणकांवर उभी असेल तर सवलत मिळालेले मूल आणि नाकारले गेलेले मूल, दोघांवरही अन्याय संभवतो. नव्या प्रमाणकांसाठी महापालिकेच्या, आश्रमशाळांच्या आणि इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठीभाषक मुलांचे नमुने लागतील, कोकणी, अहिराणी वा गोंडी बोलत शाळेत येणाऱ्या मुलांचा वेगळा विचार लागेल, आणि नमुना निवडून कसोटी शिस्तीने देणारी माणसे लागतील. आज पदवी घेणाऱ्या स्नातकांनी नेमके हेच शिक्षण पूर्ण केले आहे.