त्या करारात जात नाही

(मालवणातल्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी बंदरावर चहा पिताना एका पोराने मला अडवलं. म्हणाला, "दादानू, खैरलांजीचा प्रकरण त्या इंटरनॅशनल कोर्टात कित्याक नेऊक नाय?" मी म्हटलं, संध्याकाळी ये, सांगतो. तो आलाय, पाठी बसलाय. म्हणून लिहून आणलेलं भाषण खिशात ठेवतो आणि ह्याच्यावरच बोलतो.

आपल्याला वाटतं, असल्या कोर्टात हिटलरच्या मापाचीच माणसं उभी करतात. झाँ-पॉल अकायेसू कोण होता? आधी शाळामास्तर, मग शाळा तपासनीस, मग रवांडातल्या ताबा कम्यूनचा प्रमुख. आपल्याकडचा सभापती आणि तहसीलदार एकत्र केले तर जेवढा माणूस होईल तेवढा. गावात नमस्कार घेणारा. एप्रिल १९९४ मध्ये देशात तुत्सींची कत्तल सुरू झाली, तेव्हा पहिले काही दिवस ह्याने ताबात ती अडवलीसुद्धा. मग १८ एप्रिलला वरच्या पुढाऱ्यांची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी हाच जमावापुढे उभा राहिला आणि शत्रू एकच आहे, त्याला संपवा म्हणाला. ताबात निदान २००० तुत्सी मारले गेले. आसऱ्याला बायका ह्याच्या कचेरीच्या आवारात आल्या. तिथेच त्यांच्यावर बलात्कार झाले.

'आपल्या कोकणात असला काय होणा नाय' असं इथले पुढारी छातीवर हात ठेवून सांगतात. १७ एप्रिलपर्यंत ताबातही तसंच सांगता आलं असतं.

१९९५ साली तो झांबियात पकडला गेला. टांझानियात आरुशाला युनोने खास कोर्ट बसवलं होतं. आणि ऐका, आरोपपत्रात बलात्कार नव्हताच! साक्षीला आलेल्या एका बाईने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय गुदरलं ते सांगितलं. मग दुसरी बोलली. तेव्हा १९९७ साली, खटला चालू असताना, आरोपपत्र बदललं. तिघा न्यायाधीशांत एक बाई होती, नवी पिल्ले. डर्बनच्या बस ड्रायव्हरची मुलगी. २ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. आंतरराष्ट्रीय कोर्टाने खटला चालवून एखाद्याला वंशसंहाराचा गुन्हेगार ठरवलं, ही जगातली पहिली वेळ. बलात्कार हेसुद्धा वंशसंहाराचं हत्यार असतं, हेही तिथेच ठरलं. अकायेसूला जन्मठेप.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. एका बौद्ध घरातली आई, मुलगी, दोन मुलगे. गावाने मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरलं, सहा जणांना फाशी सांगितली. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नाही, विनयभंग शाबीत झाला नाही. २०१० साली हायकोर्टाने फाशीची पंचवीस वर्षं केली. जात तिथेही सापडली नाही, सूड सापडला. वाडी वेगळी, पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा. कोर्टाची पायरी चढली की तेवढी जात गायब!

तरी पोरा, खैरलांजी वंशसंहार होता असं मी म्हणणार नाही. अख्खा समूह नष्ट करण्याचा इरादा दाखवावा लागतो. शब्द ढिला करून आपलं काम होत नाही. पण उद्या तसं काही झालंच तर? १९४८ चा करार उघड. त्यात राष्ट्र, जमात, वंश, धर्म, एवढे चारच समूह आहेत. जात नाही. कुणी म्हणेल, आपण बौद्ध, धर्मात बसू. मारणारा तुझा धर्म विचारत नाही, तुझी जात त्याला आधीच ठाऊक असते. आणि जे बौद्ध झाले नाहीत त्यांचं काय?

हुतू-तुत्सींची भाषा एक, धर्म एक, घरं शेजारी. मग वेगळेपण कसलं? बेल्जियन राज्याने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर छाप मारला. बापाचा तोच पोराचा. कोर्टाने म्हटलं, करार अशा समूहांचं रक्षण करतो ज्यांत माणूस जन्मानेच पडतो आणि ज्यांतून त्याची बहुधा सुटका नसते. हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. अहो, ही तर आमचीच गोष्ट!

सरकारचं ऐका. १९४६ साली वंशसंहाराचा विषय युनोत मांडणाऱ्या तीन देशांत भारत होता. १९५९ साली करार पक्का केला, पण आमच्या संमतीशिवाय हेगच्या न्यायालयात वाद नेता येणार नाही, ही अट घालून. १९९८ साली रोममध्ये कायमच्या फौजदारी कोर्टाचं मतदान झालं, भारत तटस्थ राहिला आणि आजतागायत बाहेर आहे. देशात वंशसंहाराचा वेगळा कायदा नाही. २००१ साली त्याच डर्बनमध्ये वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद भरली. आपली माणसं जातीचा प्रश्न घेऊन गेली. सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे. म्हणजे दार तिथूनही बंद, इथूनही बंद.

१९४६ सालीच बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या ड्यु बॉइस ह्या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं होतं. तुमच्या लोकांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, म्हणून. अस्पृश्यांचाही तसा विचार चालला होता.

त्या टेबलावर वही ठेवलीय. वाट, विहीर, मसणवटा, ह्यांवरून तुमच्या वाडीत जे झालं ते तारखेनिशी लिहा. बाईवर गुदरलेलं बाईनेच सांगावं, लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं दुसऱ्याने लिहावं, आपलं काही घालू नये. पेन दोनच आहेत, नंबराने या.