पाणी कुठवर आलं?

श्रोतेहो, आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. घरात आम्ही दखनी बोलतो, गल्लीत मराठी आणि बाजारात थोडं कानडी. पण पावसाळ्यात सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : पाणी कुठवर आलं?

२००५ च्या पुराची गोष्ट. रेडिओवर बातमी लागली होती. धरणातून अमुक क्युसेक विसर्ग सुरू, सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे. शेजारचे आप्पा आमच्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "काय म्हनतंय रं?" मी मराठी घेऊन बी. ए. झालेला. विसर्ग म्हटलं की मला अक्षरापुढची दोन टिंबं आठवतात. मी हसून म्हणालो, "धरणाचं पाणी सोडलंय, आप्पा." एवढंच. ते त्यांच्या गोठ्यात कधी येईल, हे मी सांगितलं नाही. पहाटे पाणी शिरलं. दोन म्हशी दाव्यालाच राहिल्या. आप्पांनी मला कधी बोल लावला नाही. मी मात्र ते विसरलो नाही.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. म्हणजे जवळजवळ दोन घागरी. लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख घागरी! असं सांगितलं की माणूस बसल्या जागचा उठतो. सोडलेलं पाणी खालच्या गावांत पोचायला काही तास लागतात. तेवढेच तास आपल्या हातात असतात.

पूर ओसरल्यावर मी घराच्या भिंतीवर रंगानं खुणा लिहिल्या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. तिथं किती फूट झालं की आमच्याकडे पाणी कुठं येतं, तेही जाणत्यांना विचारून लिहिलं : पार, मशिदीची पायरी, आप्पांचा गोठा.

२०१९ साली तिथं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्याकडची वीज गेली, मोबाइल मुके झाले. सेलवरचा रेडिओ तेवढा चालू होता. आम्ही बातमी ऐकायचो, भिंत बघायचो आणि मशिदीच्या भोंग्यावरून हाक द्यायचो, "आज रात्री पाणी गोठ्याला लागणार. जनावरं माळावर न्या." भोंगा बॅटरीवर चालत होता. त्या वर्षीची बकरी ईद आम्ही शाळेतल्या छावणीत केली. बाहेर मैदानात आप्पांच्या म्हशी रवंथ करत होत्या.

बातमी देणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. आकडा जरूर सांगा, पण त्याच्या मागोमाग गाव सांगा, वेळ सांगा आणि काय करायचं तेही सांगा. आमच्या बोलीत सांगितलंत तर फारच बरं. आणि श्रोतेहो, पावसाळ्याआधी रेडिओत नवे सेल घाला. बातमी कळली, तर शेजाऱ्याला नीट समजावून सांगा. तो विचारेल म्हणून थांबू नका.