नकाशावरचा खेळाडू : ताल ब्रोडी



धर्माविषयी व पूर्वजांविषयी माझ्याहून जाणती माणसे बोलतीलच. मी एका बास्केटबॉल खेळाडूविषयी चार शब्द बोलणार आहे. सिनेगॉगात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण ताल ब्रोडीचे नाव काढले की आपल्यातील वडीलधाऱ्यांचे चेहरे अजून खुलतात.

त्याचा जन्म 1943 साली अमेरिकेतील ट्रेंटन गावी झाला. इलिनॉय विद्यापीठाकडून तो असा खेळला की 1965 मध्ये बाल्टिमोर बुलेट्स या धंदेवाईक संघाने त्याची निवड केली. त्याच उन्हाळ्यात तो मकाबियासाठी इस्राएलला आला, अमेरिकेने सुवर्णपदक जिंकले, आणि मकाबी तेल अवीवने त्याला गळ घातली. 1966 मध्ये बाल्टिमोरचे पैसे सोडून तो इथे खेळायला आला.

बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असा ठराव क्नेसेटला करावा लागला तो ऑगस्ट 1964 मध्ये. म्हणजे आपली जखम तेव्हा ओलीच होती. ब्रोडीला असले प्रश्न कोणी विचारले नाहीत. तरीही मला त्याचा हेवा वाटला नाही. अमेरिकन सैन्यातील नोकरीसाठी तो मायदेशी गेला, तिथेच राहू शकला असता. पण 1970 मध्ये परत आला.

आता 1977 साल. रशियाने 1967 मध्येच इस्राएलशी संबंध तोडले होते. मॉस्कोचा सी.एस.के.ए. हा लष्करी संघ तेल अवीवला यायला तयार नव्हता. शेवटी 17 फेब्रुवारीला बेल्जियममधील व्हिर्टन या लहानशा गावी सामना झाला. मकाबीने तो 91–79 असा जिंकला! कर्णधार ब्रोडी मायक्रोफोनसमोर म्हणाला, आम्ही नकाशावर आहोत आणि नकाशावरच राहणार. केवळ खेळात नव्हे, सर्वच बाबतींत. हिब्रूत तोवर असे कोणी बोलत नसे. इंग्रजी वाक्प्रचार त्याने तसाच हिब्रूत उतरवला होता, उच्चारही अमेरिकन. आपल्या आईवडिलांच्या मराठी वळणाच्या हिब्रूला दुकानात लोक हसत. त्याच्या हिब्रूला मात्र सारा देश टाळ्या वाजवत होता! असो. ते वाक्य आज इथे जन्मलेली मुलेही सहज वापरतात.

अंतिम सामना 7 एप्रिलला बेलग्रेडमध्ये, पेसाहच्या मधल्या दिवसांत. इटलीच्या वारेसे संघावर 78–77, अवघ्या एका गुणाने विजय, आणि युरोपचा करंडक प्रथमच इस्राएलकडे. लोक रस्त्यांवर नाचत असतानाच पंतप्रधान राबिन यांनी टेलिव्हिजनवर पद सोडत असल्याचे सांगितले. कोणत्या बातमीवर आधी बोलावे, हेच लोकांना कळेना.

1979 मध्ये ब्रोडीला इस्राएल पारितोषिक मिळाले. खेळासाठी ते प्रथमच दिले गेले. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला.

मिन्हाची वेळ होत आली आहे.