अंदमानची पेटी

आम्ही कासुर्डीच्या बचत गटाच्या बायका.

आमचं आजवरचं फिरणं म्हणजे पंढरपूर, जेजुरी, आळंदी. नाहीतर लग्नकार्य आणि दवाखाना. दोन वर्षांपूर्वी मासिक बैठकीत एका ताईंनी विचारलं, "चार दिवस नुसतं समुद्राकाठी बसायला जाता येईल का गं?" आधी सगळ्या हसलो. मग गप्प झालो, कारण मनात प्रत्येकीच्या तेच होतं. आता येत्या फेब्रुवारीत आम्ही अकरा जणी अंदमानला निघालोय. तिथल्या स्वराजद्वीप बेटावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, एका मोठ्या रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहणार. त्याची तयारी कशी केली, ते आज सांगतो.

पहिला प्रश्न पैशाचा. गटातून कर्ज काढू, असं एकीनं सुचवलं. त्यावर चांगलाच वाद झाला. गटाचं कर्ज म्हशीसाठी, शिलाई मशीनसाठी, लेकरांच्या फीसाठी. फिरून आल्यावर वर्षभर हप्ते फेडायचे, तर सहलीची गोडी काय राहणार? म्हणून सहलीची वेगळी पेटी केली, वेगळी वही, वेगळं खातं. महिन्याला दीड हजार. 24 महिन्यांत प्रत्येकीचे 36 हजार.

आमची एक ताई एकटीनं संसार ओढते. तिला दीड हजार झेपेना. मग दिवाळीत सगळ्यांनी मिळून फराळाच्या ऑर्डरी घेतल्या आणि नफा पेटीत टाकला. सगळ्यांत जास्त चकल्या तिनंच तळल्या, त्यामुळे मिंधेपणाचा प्रश्नच आला नाही.

दुसरं, महिना. तिकडे मे महिन्यातच पाऊस सुरू होतो आणि आपल्याकडे तेव्हा लग्नसराई. दिवाळी-नाताळात गर्दी आणि दर दोन्ही चढे. म्हणून फेब्रुवारी.

तिसरं, प्रवास. पुण्याहून विमानानं चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर. 2024 पासून त्या शहराचं नाव श्री विजयपुरम आहे. पुढे बेटावर बोटीनं जायचं. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहायचं नाही, शहरात येऊन थांबायचं. त्या दिवशी सेल्युलर जेल पाहू. सावरकर बंधू तिथंच होते. कैद्यांना कोलूला जुंपून खोबऱ्याचं तेल काढायला लावत. आपल्या भागात गुऱ्हाळं आहेत, तेव्हा चरकाला जुंपलेला बैल थोरल्यांनी पाहिलाय. बैलाच्या जागी माणूस, म्हणजे काय हाल असतील!

चौथं, रिसॉर्ट. फोटो बघून भुलायचं नाही. आम्ही प्रश्न लिहून काढले आणि फोनवर एकेक विचारले. नाश्ता धरलाय, पण दोन वेळचं जेवण? कर धरून दर किती? एका खोलीत तिघी चालतील का? आवार मोठं आहे, मग गुडघेदुखीवाल्यांना तळमजल्याची, जेवणघराजवळची खोली मिळेल का? एकादशीला उपवासाचं काय? जाता आलं नाही तर पैसे किती परत? उत्तरं लेखी मागवली. एका एजंटानं लेखी द्यायला नकार दिला आणि सगळी रक्कम आधीच मागितली. त्याला आम्ही हात जोडले.

आणखी एक. घड्याळ आपलंच, पण बेटं पूर्वेला असल्यानं तिथं सूर्य लवकर उगवतो आणि फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास मावळतो. दुपारची झोप लांबली, तर समुद्र बघायचा राहील. आधार कार्ड, रोजच्या गोळ्या आणि थोडी रोकड प्रत्येकीनं स्वतःजवळ ठेवायची. आणि प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही, तो गुन्हा आहे.

सगळ्यांत अवघड तयारी मात्र घरची होती. धारा कोण काढणार, भाकरी कोण थापणार? आम्ही महिनाभर आधीपासून रविवारची धार मुलांवर आणि मालकांवर सोपवलीय. पहिल्या रविवारी म्हशीनं लाथ मारली. आता मारत नाही.

एका सासूबाईंनी विचारलं, "तिथं देव कुठला गं?" सुनेला उत्तर सुचेना. सासूबाईच थोडं थांबून म्हणाल्या, "बरं, जा. मला कुणी विचारलंच नव्हतं कधी."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्यातल्या थोरल्या बाईला विचारा, तिला कुठं जावंसं वाटतं. अंदमानच पाहिजे असं नाही, तारकर्लीही चालेल. ती सांगेल ते वहीत लिहा आणि त्याच दिवशी पेटीत पहिले पैसे टाका.