एक पदवी, दोन नोंदण्या : आपल्या लेकींसाठी नर्सिंग आणि प्रसूतिसेवेचं शिक्षण

मी मुळशी तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक. दहावी-बारावीचे निकाल लागले की गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याजाचं बोलणं मागे पडतं. एकच प्रश्न पुढे येतो : "ताई, पोरगी नर्सिंगला जाते म्हणते, घालू का?" आज त्याच प्रश्नावर बोलूया.

आपल्याकडे पूर्वी बाळंतपण सुईण करायची आणि आजारी माणसाची शुश्रूषा घरातल्या बायका करायच्या. ही दोन कामं वेगळी, त्यांची विद्याही वेगळी. आजारी माणसाला बरं करायचं असतं. बाळंतीण मात्र आजारी नसते. तिच्याजवळ बसून धीर द्यायचा, कळा, नाडी, बाळाचे ठोके यांवर लक्ष ठेवायचं आणि काही बिघडतंय हे वेळेत ओळखायचं, हे प्रसूतिसेवेचं काम. ऑस्ट्रेलियासारख्या देशात नर्स आणि मिडवाइफ हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. दोन्ही शिकायचे तर तिथल्या मुलींना चार वर्षांची दुहेरी पदवी घेता येते. आपल्या देशात दोन्ही विद्या एकाच अभ्यासक्रमात शिकवल्या जातात. बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद झाली की नावापुढे दोन बिरुदं लागतात : नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसूतिसेविका. इंग्रजीत त्यालाच आरएन, आरएम म्हणतात.

आता वाटा कोणत्या ते सांगते. कागद-पेन घ्या.

पहिली वाट एएनएमची. मुदत २ वर्षं. बारावी कोणत्याही शाखेची चालते. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर बहुतेक याच वाटेने आलेल्या असतात. डोंगराळ भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र असा सरकारी निकष आहे, म्हणजे ही बाई गावाच्या सगळ्यात जवळची.

दुसरी वाट जीएनएमची. मुदत ३ वर्षं. बारावीला इंग्रजी हवं आणि किमान ४० टक्के गुण हवेत. विज्ञान शाखेला प्राधान्य असतं, पण कला शाखेच्या मुलीलाही दार बंद नाही. या नावातच दोन्ही विद्या आहेत : जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी. पुढे २ वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवीही मिळवता येते.

तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंगची, ४ वर्षांची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. खुल्या गटाला या विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. आपल्या राज्यात ही पदवी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं, तसंच काही अभिमत विद्यापीठंही देतात.

म्हणून बायांनो, निर्णय बारावीनंतरचा नाही, दहावीनंतरचा आहे. जवळच्या कॉलेजात विज्ञान नाही म्हणून पोरीला कला शाखेत घातलं, तर पदवीची थेट वाट तिथंच बंद होते. पौड, पिरंगुटपर्यंतचा रोजचा प्रवास अवघड वाटतो खरा, पण तो पदवीनंतरच्या पगाराशी ताडून पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फसू नका. सहा महिन्यांचा, वर्षाचा "नर्सिंग कोर्स" अशा पाट्या जागोजागी दिसतात. आमच्या एका गटातल्या बाईंनी मुलीसाठी गटातून कर्ज काढून अशा एका ठिकाणी फी भरली. प्रमाणपत्र मिळालं, गणवेशातला फोटोही मिळाला. पण नोंदणी होईना, कारण तो अभ्यासक्रम कौन्सिलच्या मान्यतेचाच नव्हता. मुलगी खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून राबते. पगार मदतनिसाचाच, आणि कर्जाचे हप्ते मात्र आईने पूर्ण फेडले. असल्या कोर्समधून रुग्णाच्या मदतनिसाचं काम जरूर मिळू शकतं, पण नर्स होता येत नाही. म्हणून फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता या वर्षासाठी आहे का? शेवटी नोंदणी कोणत्या नावाने होते? मुलींना प्रत्यक्ष काम शिकायला कोणतं रुग्णालय आहे आणि तिथं बाळंतपणं होतात का? तिसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. प्रसूतीचं काम वाचून येत नाही. विद्यार्थिनीला ठरावीक संख्येने बाळंतपणं स्वतः करावी लागतात आणि त्यांची वहीत नोंद ठेवावी लागते.

पैशाचं काय? जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्या कुटुंबातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून थेट प्रवेश घेतला तर ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलला रांग लागते. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं हा खर्च मात्र राहतोच. गटाचं अंतर्गत कर्ज त्यासाठी वापरा.

"रात्रपाळी असते, लोक काय म्हणतील?" हेही मी ऐकते. ही भीती जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि विधवा मुलींना नर्सिंगच्या शिक्षणाची वाट दाखवली, तेव्हा हे काम हलकं मानलं जाई. त्या मुली तरीही शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. वसतिगृह कसं आहे, रात्री ने-आण कोण करतं, हे कॉलेजात जाऊन जरूर विचारा. तो आईचा हक्क आहे. पण काय विचारायचं ते विचारा आणि मग पोरीला जाऊ द्या.

हे मी मुळशीत बसून का सांगते? ताम्हिणीकडच्या पावसात रस्ता खचला की १०८ ची गाडीही वाटेत अडकते. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जायला लागलं, तर बाईचा जीव थोड्या वेळात धोक्यात येतो. त्या वेळी जवळ शिकलेली बाई असेल तर ती गर्भाशय चोळते, इंजेक्शन देते, सलाइन लावते आणि पुढच्या दवाखान्याला कळवते. रस्ता मोकळा होईपर्यंत बाईला धरून ठेवणारी हीच. केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली. नोंदणीकृत नर्सला १८ महिन्यांचं खास शिक्षण देऊन प्रसूतिसेवेतली तज्ज्ञ करायची, असं त्यात आहे. म्हणजे पदवीनंतरही पुढे जायला जागा आहे.

येत्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या कोणाच्या मुली आठवी ते बारावीत आहेत, त्यांची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहा. प्रत्येकीपुढे शाखा आणि दाखल्यांची स्थिती लिहा. आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना तासभर बैठकीला बोलवा. मुलींना त्यांच्याशी थेट बोलू द्या. माझ्यापेक्षा त्या जास्त खरं सांगतील, कष्टाचंही आणि मानाचंही.