गहू आंबवा, पण आधी पारखून घ्या



कुरडईसाठी आपण गहू तीन दिवस भिजत घालतो. त्यात विरजण घालत नाही, गहू शिजवत नाही की त्याला मोड आणत नाही. तरीही तो आंबतो. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद गव्हाच्या सालीवर मुळातच असतात. पाणी मिळताच ते वाढतात व आम्ल तयार करतात. दाणा मऊ पडतो, त्यातील पिष्ट सुटे होते आणि वाटल्यावर चीक सहज निघतो.

गहू निवडून, धुऊन, वर चार बोटे पाणी राहील असा भिजवावा. दर २४ तासांनी पाणी बदलावे. आंबूस वास येणे योग्यच; परंतु कुजका वास आला किंवा बुरशी दिसली, तर तो गहू टाकून द्यावा. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले बियाणे कधीही भिजत घालू नका. धुऊन किंवा आंबवून ते खाण्याजोगे होत नाही. ते चिठ्ठी लावून वेगळे, कुलपात ठेवा. पावसात सापडून बुरशी आलेला गहूही घेऊ नका. बुरशीची काही विषे आंबवून, शिजवून, उन्हात वाळवूनही टिकतात. असा गहू जनावरांच्या आंबोणातही नको, कारण यांतील काही विषे दुधात उतरतात.

दोन पायली धान्य वाया गेले तरी चालेल, घरातील लेकरे सुखरूप राहिली पाहिजेत.