सीमेवरची जुनी गाडी



बाप्पाच्या मंडपात गाडीच्या कागदांचा विषय काढतोय, रागावू नका. आम्हा निपाणीकरांना कोल्हापूर घरच्यासारखं. पावणे तिकडचे, बाजार तिकडचा, तशी जुनी गाडीही तिकडचीच. इंजिनाचा आवाज ऐकायचा, टायर बघायचे, पैसे मोजायचे आणि कोगनोळी नाका ओलांडून घरी यायचं. 'एमएच ०९'ची पाटी तशीच राहते.

मीही तेच केलं. विकणारा दोस्त, म्हणून "कागद नंतर बघू" म्हणालो. नंतर बघतो तर कर्ज फिटलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच! ना हरकत दाखला अडला आणि दोस्तीतही कडवटपणा आला.

गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली, की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. नावबदलाला २९ आणि ३०. वर इथला रोड टॅक्स. हा सगळा खर्च किंमत ठरवण्याआधीच धरा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

विकणाऱ्यांनीही ऐका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं, की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. गाडी विकून कितीही दिवस झाले तरी!

तेव्हा मंडळी, चावी देण्याघेण्याआधी सह्या करा. दोस्तीही टिकेल.

गणपती बाप्पा मोरया!